परक्या भुकेचा मेद

आज सकाळपासून कोहरा उठलेला नाही. धुक्याला आमच्या घरात कोहराच म्हणतात. तीन पिढ्या काशीत काढल्या की काही शब्द अंगाला चिकटतात. दुर्गाघाटाच्या वरच्या काही पायऱ्या दिसतात, खाली सगळं दुधात बुडाल्यासारखं. गंगा ऐकू येते, दिसत नाही. राजघाटच्या पुलावरून आगगाडी गेली, तीही नुसत्या आवाजानंच गेली. पौषाचे दिवस. ऊन म्हणावं असं काही नाही, जिथं ऊन पडायचं तिथं पांढरट उजेड सांडलाय. त्या उजेडात एक म्हातारा धाबळी पांघरून पायरीवर बसलाय आणि त्याच्या मांडीवर वर्षाची नात आहे.

म्हाताऱ्याचं नाव ढुंढिराज. आणि मी त्याच्या कातडीखाली राहणारा मेद बोलतोय.

दचकू नका. भांडणात तुम्ही मला चरबी म्हणता, वैद्य मेद म्हणतात, लाडात आलात की 'अंगानं भरलाय' म्हणता. मी शिकलेला नाही. अंधारात जन्मलो, अंधारातच वाढलो. तुमचं बोलणं मला कातडीच्या थरथरीतून कळतं. बघण्याचं म्हणाल तर डोळ्यांच्या खोबणीत, बुबुळांच्या मागं माझ्या भावकीतला एकेक गोळा गादीसारखा बसलेला असतो. तो बघतो आणि मला सांगतो. तेवढ्यावर माझं ज्ञान. सावकाश सांगेन हं. मला घाई जमत नाही. साठवणं हाच माझा जन्माचा धंदा.

ढुंढिराज जन्मला आणि त्याची आई बाळंतरोगानं गेली. भिंतीला भिंत लागून शेजारचं घर, तिथं सीताकाकूंच्या अंगावर त्यांचा वेणीमाधव पीत होता. त्यांनी वेणीमाधवला एका कुशीला सरकवलं आणि या पोराला दुसऱ्या कुशीला घेतलं. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. त्या दुधातून मी पोराच्या गालांत उतरलो, मग मांड्यांवर वळ्या झालो. म्हणून मी कुणाचा असं कुणी विचारलं, तर मी सीताकाकूंचा. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

माझ्याआधी एकजण मात्र हजर होता. मानेखाली, दोन खांद्यांच्या मधे, रंगानं तांबूस. नवजात पोराला कुडकुडता येत नाही. हा तांबूस भाऊ स्वतः जळतो आणि पोराला ऊब देतो. मी साठवतो, तो खर्चतो. पोर मोठं झालं की तो आटत जातो आणि सगळे त्याला विसरतात. ढुंढिराज जन्मभर पहाटे गंगेत बुडी मारत आला, थंडीतसुद्धा, म्हणून त्याच्या गळ्याशी याची एक चिमूट जिवंत राहिली.

बाकी भावकी अशी. टाचेखाली एक बसतो, त्याच्या जिवावर तुम्ही अनवाणी चालता. मूत्रपिंडांना एक धरून असतो. डोळ्यांमागचा सांगितलाच. हे साठवणीतले नव्हेत, हे राखणदार. उपास पडले तरी जागा सोडत नाहीत. दुकाळाच्या साली बुंदेलखंडाकडून माणसं काशीला मरायला आली होती. माझ्यासारखे त्यांच्या अंगावरून केव्हाच गेले होते. एका बाईनं ढुंढिराजकडं मान वर करून पाहिलं, तर तिचे डोळे आत, फार आत होते. खोबणीतला राखणदारही निघाला होता. आमचा डोळ्यामागचा भाऊ ते सांगताना थांबला. अजूनही थंडीत कधीतरी तो मधेच म्हणतो, 'ती बघतेय.'

आणि एक असतो घरातला आतला. पोटाच्या पडद्याआड, आतड्यांच्या भोवती, काळजाच्या खाली. तो कातडीपाशी येत नाही. तो कसा आला, त्याचीच ही गोष्ट.

ढुंढिराज वेदपाठात कच्चा निघाला. वेणीमाधवला एकदा ऐकून ऋचा यायची, पुढं तो पाठशाळेत शिकवायला लागला. ढुंढिराजला एक गोष्ट फार छान यायची, ती म्हणजे जेवणं. हावरेपणानं नव्हे. पानाला नमस्कार करून, एकेक पदार्थ डोळे मिटून, असा जेवायचा की वाढणाऱ्याचं पोट भरावं. दुर्गाघाटापासून मंगला गौरीपर्यंत आपल्या लोकांची जी घरं, तिथं श्राद्ध असलं की पितरांच्या जागी बसायला ढुंढिराजला बोलावणं ठरलेलं. आदल्या दिवशी यजमान यायचा, हातावर सुपारी ठेवायचा, त्याला क्षण देणं म्हणतात. दुसऱ्या दिवशी ढुंढिराज हा ढुंढिराज नसायचा. तो कुणाचे तरी वडील असायचा, कुणाची तरी आई.

गेलेल्या माणसाला जे आवडायचं तेच त्या दिवशी शिजायचं. कुणाच्या आजोबांना घारगे लागायचे, कुणाच्या आईला अळूची भाजी, एका विधवा आत्याला म्हणे जन्मभर गोड खाऊ दिलं नव्हतं, तिच्या श्राद्धाला खिरीचं पातेलंच मांडलं होतं. जेवण झालं की यजमान हात जोडून विचारायचा, "तृप्त झालात ना?" आणि ढुंढिराज म्हणायचा, "तृप्त झालो." ते ऐकून यजमानाच्या चेहऱ्यावर जे यायचं, त्यासाठी ढुंढिराज आणखी एक लाडू खायचा.

मेलेल्यांची भूक जिवंत माणसाच्या पोटात गेली की ती कुठं जाते, याचा विचार कुणी केला नव्हता. ती माझ्याकडं यायची. मी होईल तेवढी ठेवून घेतली. पण माझी कोठी लहान. काहींच्या अंगात मला फार जागा असते, ढुंढिराजच्या हातापायांत ती नव्हतीच. कोठी भरली, आणि उरलेलं आत जायला लागलं. आतला भाऊ वाईट म्हणून नाही आला. मला पुरलं नाही, म्हणून आला.

तर असं रूप झालं. दंड काटकुळे, पिंढऱ्या बारीक, आणि मधे पखवाजासारखं ताठ पोट. घाटावर सगळ्यांना त्याचं कौतुक. पानवाला म्हणायचा, "गुरू, ई पेट ना हौ, मठ हौ." म्हणजे हे पोट नव्हे, मठ आहे. नावेतून फिरणाऱ्या एका साहेबानं नाव थांबवून त्या पोटाचं चित्र काढलं होतं, आणि सोबतची मडम हसली होती. ढुंढिराजनं चित्रासाठी पोट आणखी पुढं काढलं.

थट्टा व्हायची ती त्याच्या बायकोची, शरदिनीची. ती कमरेत आणि मांड्यांत रुंद. हळदीकुंकवाला गेली की बायका म्हणायच्या, शरदिनीला दोन पाट द्या गं. तीही कमी नव्हती, म्हणायची, "द्या की. एकावर मी बसते, दुसऱ्यावर तुमची जीभ ठेवा." पण घरी येऊन ती एकादशीला एकादशी जोडायची, आणि तिच्या अंगावरचा माझा जातभाई हलायचा नाही. कसा हलेल? तो लेकरांच्या दुधासाठी राखून ठेवलेला असतो. गरीब असतो, कुणाचं काही बिघडवत नाही. पण गल्लीनं ठरवून टाकलं होतं की ही आधी जाणार आणि तो काटक म्हातारा शंभरी गाठणार.

मग ढुंढिराजच्या छातीवर गर्दी व्हायला लागली.

गर्दी हा शब्द त्याचाच. दिवे लागायच्या वेळी तो ओटीवर टेकला की छातीवर कुणीतरी येऊन बसायचं. मग आणखी कुणी. घाटाच्या पायऱ्या चढताना श्वास पुरायचा नाही, त्याला वाटायचं मागून कुणी पंचा धरून ओढतंय. त्यानं शरदिनीला हळूच सांगितलं, ज्यांच्या-ज्यांच्यासाठी मी जेवलो ती माणसं उठून गेलीच नाहीत. अजून भुकेलीच आहेत. कुणी काही बोलत नाही, नुसती बसतात. घारगेवाले आजोबा बसतात, ती आत्या बसते.

आणि यावर त्यानं उपाय काय केला? आणखी जेवायला लागला. पुढच्या श्राद्धाला खीर दोनदा मागून घेतली, की आत्या एकदाची उठावी.

मी खाली पडल्या-पडल्या ऐकत होतो. मला ठाऊक होतं की छातीखालून वर रेटा देतो तो आमचा आतला भाऊ. पण कधीकधी त्या कातरवेळी मलाही नक्की सांगता यायचं नाही. तो त्याच घासांचा तर झाला होता. मग छातीवर बसलेलं ते कोण, हे कसं ठरवायचं?

शरदिनीनं दिनानाथ वैद्यांना बोलावलं. वैद्यांनी नाडी पाहिली, मग पोटाची कातडी चिमटीत धरली. चिमटीत जेमतेम मी आलो. मग त्यांनी तळवा ठेवून दाबलं. पोट दाबलं गेलं नाही.

"भटजी, चिमटीत येतो तो मेद गरीब," वैद्य म्हणाले. "बाहेर ओसरीवर पडून असतो. तुमचा चिमटीत येत नाही. तो माजघरात शिरलाय, यकृताला टेकलाय, काळजाचा श्वास कोंडतोय."

ढुंढिराजनं विचारलं, मग आमच्या बाईसाहेबांचं काय, त्या तर केवढ्या. वैद्य हसले नाहीत. म्हणाले, त्यांची काळजी सोडा, त्यांचं सगळं ओसरीवर आहे. तुम्ही पितरांची पानं सोडा. आता एक जरी पान भरपेट जेवलात, तर पुढचं पान तुमच्या नावानं मांडावं लागेल.

ढुंढिराज 'बरं' म्हणाला. पण मनात एक पान त्यानं वगळलं होतं. बाकीची सोडीन, सीताकाकूंचं कसं सोडू? काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. दर पौषात वेणीमाधव आईचं श्राद्ध करायचा आणि आईच्या जागी ढुंढिराजच बसायचा, दुसरा कुणी नाही. जिचं दूध प्यायलो तिची भूक आपण भागवायची, एवढाच त्याचा वेद.

त्या साली पौषात ढुंढिराज-शरदिनीची लेक कालिंदी बिठूरहून पहिल्या बाळंतपणाला आली, आणि प्रवासाच्या हिसक्यानं म्हणा की कशानं, सातव्यातच बाळंत झाली. मुलगी. शरदिनीनं ती ढुंढिराजच्या ओंजळीत दिली तेव्हा मी कातडीतून तिला शोधलं. माझ्या जातीचं तिथं कुणी नव्हतं. गाल नाहीत, वळी नाही, कातडी हाडावर सैल, म्हाताऱ्या माणसासारखी. मानेखाली तांबूस भाऊ होता, पण केवढासा. असा कोहरा पडलेला, आणि तो एकटा जळत होता. फार तर दोनेक दिवस जळला असता.

बायका एकमेकींना सांगत होत्या की सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. पण आवाज खाली ठेवून सांगत होत्या. कालिंदीला ताप भरलेला. पोर कापसात गुंडाळून अंगीठीजवळ ठेवलं तर एका बाजूनं तापायचं, दुसऱ्या बाजूनं गार पडायचं. मग शरदिनीनं ते सोडवून आपल्या छातीशी पदराखाली धरलं. पण लेकीचं कोण करणार, चूल कोण पाहणार? तिनं नवऱ्याला सांगितलं, धाबळीच्या आत घ्या. त्यानं पोर पोटावर ठेवलं.

"पोटावर नको," ती म्हणाली. "ते गार लागतंय, मी जन्मभर बघतेय. वर घ्या, गळ्याशी."

बरोबर होतं तिचं. मी ऊब आत कोंडून ठेवणारा, बाहेर सोडत नाही. पोर गळ्याखाली आलं, आणि ती विसरलेली तांबूस चिमूट जागी झाली. इकडचा म्हातारा तांबूस जळायला लागला, तिकडचा एवढासा जळत होताच. मधे दोन कातड्या. इतकी वर्षं मी साठवलेलं, कुणाकुणाच्या श्राद्धाचं तूप, ते मी त्याच्याकडं पोचतं करत राहिलो. मेलेल्यांचं पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामाला आलं.

पोर बोळ्यानं दूध घ्यायचं आणि आजोबाच्या गळ्याशी झोपायचं. तो टेकून बसूनच डोळा लावायचा. एकदा संध्याकाळी शरदिनीनं विचारलं, "आज गर्दी नाही का?" त्यानं आठवून पाहिलं. म्हणाला, "जागाच नाहीये."

सोयर फिटलं आणि वेणीमाधव सुपारी घेऊन आला. उद्या आईची तिथी.

ढुंढिराजनं धाबळी बाजूला करून दाखवलं. पोर खाली ठेवलं की निळं पडतं, म्हणाला. वैद्यांचं बोलणंही सांगितलं. वेणीमाधव म्हणाला, तेवढा वेळ वहिनी घेतील की, आणि थोडंच जेव. पण थोडं कसं जेवायचं? थोडं जेवून 'तृप्त झालो' म्हटलं तर काकूंशी खोटं. भरपेट जेवलं आणि वैद्य खरे ठरले, तर पोरीला कोण?

त्यानं धाबळी पुन्हा पोरीवर ओढून घेतली. मग म्हणाला, "वेणू, मला जमायचं नाही."

वेणीमाधवनं सुपारी मुठीत घट्ट धरली. "सगळ्या गावाच्या आया जेवल्या तुझ्या हातून," तो म्हणाला. "माझीच उपाशी ठेव." आणि गेला.

ऐनवेळी दुसरा ब्राह्मण मिळाला नसेल, किंवा त्याला दुसरा नकोच असेल. त्यानं चटश्राद्ध केलं. म्हणजे ब्राह्मणाच्या जागी दर्भाची जुडी बांधून पाटावर बसवायची, तिच्यापुढं पान वाढायचं. भिंत एकच, दुपारी सगळं ऐकू येत होतं. पळीचा आवाज, मंत्र, वाढप. मग वेणीमाधवचा आवाज आला, "तृप्त झालात ना?"

गवताच्या वतीनं पुरोहितच उत्तर देतो. दिलंही असेल. पण भिंतीतून काही ऐकू आलं नाही. ढुंढिराजचे ओठ हलले, मला कळलं. त्यानं ते शब्द गिळले. पोर गळ्याशी उसासलं.

ती तेवढी शांतता त्याच्या अंगात वर्षभर राहिली.

पोर जगलं. कालिंदीचाही ताप उतरला, पण मायलेकी इथंच राहिल्या. होळीपर्यंत तिच्या गालांत माझ्या जातीचा पहिला थेंब बसला, तेव्हा शरदिनीनं तिचं नाव बकुळ ठेवायला सांगितलं. ढुंढिराजनं पितरांची सगळीच पानं सोडली. पोरीला घेऊन घाट उतरायचा, चढायचा, घरी मुगाचं कढण प्यायचा. आधी आतला भाऊ निघाला. तो उशिरा येतो आणि लवकर जातो. मी मागं राहिलो, पोटावर सैल लोंबत. पानवाला म्हणाला, "गुरू, मठ ढहि गयल का?" मठ ढासळला की काय, म्हणून.

गर्दी एकेक करून उठली. आजोबा गेले, आत्या गेली. गेल्यावर ढुंढिराजला चुकल्यासारखं झालं. इतक्या वर्षांची सोबत ती. पण एक उठली नाही. ती छातीवर बसत नाही. दिवे लागताना खाटेच्या कडेला टेकते, पान वाढायची वाट बघत असल्यासारखी. ढुंढिराज तिच्याकडं पाठ करून म्हणतो, "काकू, चुकलं माझं." तिथं कुणी नसतं. शेजारी वेणीमाधवच्या घरात दिवा असतो, आणि वेणीमाधव वर्षभर त्याच्याशी एक शब्द बोललेला नसतो.

मला त्याला सांगायचं होतं, अरे, ती बाहेर कुठं आहे? तिचंच दूध तर मी आहे. तुझ्या गालातला पहिला थेंब तिचा, आणि पोरीला रात्रंदिवस जी ऊब दिलीस ती त्याच थेंबाच्या वंशातली. ती जेवलीच रे. पण मला तोंड नाही. आणि खरं सांगू, त्या वेळी खाटेची कडा दबते, हेही मला कळतं. ते कसं, मला माहीत नाही.

आता माझं झालंच आहे सांगून. मी थकलोय, पातळ झालोय. येत्या एखाद्या थंडीत मणिकर्णिकेवर मी शेवटचा उजेड देईन. लाकडं ओली असली की माझाच आधार असतो. तुमच्याकडं एवढंच मागणं, की आम्हा सगळ्यांना एका नावानं शिव्या देऊ नका. चिमटीत येतो त्याला भिऊ नका. चिमटीत येत नाही त्याला विचारा, तू कुणाच्या भुकेचा. बाईच्या कमरेला हसू नका. आणि पोराची मान हुंगताना आठवण ठेवा, तिथं कुणीतरी जळतंय.

आज पुन्हा तीच तिथी. म्हणून ढुंढिराज घरी बसला नाही. भिंतीतून तो प्रश्न परत ऐकवला नसता. बकुळला घेऊन इथं पायरीवर आलाय. दुपार झाली तरी कोहरा तसाच. डोळ्यामागचा भाऊ सांगतोय, वरून कुणी उतरतंय. ओलं धोतर, उघडं अंग, बोटात दर्भाची अंगठी. श्राद्ध अर्धं टाकून आलेला माणूस. वेणीमाधव.

तो दोन पायऱ्या वर थांबला. बकुळनं त्याच्याकडं पाहून हात नाचवले. तिच्या मनगटाला आता वळी पडते. तो तिच्याकडंच बघत राहिला. ढुंढिराजनं मान खाली घातली. मग वेणीमाधव बोलला, वर्षानंतर:

"पानावर गवत बसलंय, त्याचं ते जेवेल. तू नुसता शेजारी येऊन बस, ढुंड्या. हिलाही घे. गेल्या साली का आला नाहीस असं आईनं विचारलंच, तर मी सांगतो तिला, मांडीवर पोर होतं म्हणून."